विषय: पुण्यातली हेल्थ इन्फर्मॅटिक्सची पदवी, मसुद्यावर मतं हवीत

प्रेषक: ताई, कोथरूड

नमस्कार मंडळी,

पुण्याला परत गेल्यापासून मी आपल्या मेलच्या यादीवर नुसते गणपतीचे फोटो टाकते, अशी तक्रार कानावर आली. तर हे घ्या काम.

इथलं एक जुनं कॉलेज येत्या जूनपासून हेल्थ इन्फर्मॅटिक्सची, म्हणजे आरोग्याच्या नोंदी संगणकावर नीट ठेवायच्या आणि वापरायच्या शास्त्राची, चार वर्षांची पदवी सुरू करायच्या बेतात आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोनांनंतर डिप्लोमा, तीननंतर पदवी आणि चौथं केलं तर ऑनर्स. समितीत हॉस्पिटल आतून पाहिलेलं कुणीतरी हवं होतं, म्हणून माझी वर्णी लागली.

मसुदा वाचला. पायथन दोन सेमिस्टर, मग डेटाबेस, क्लाउड, मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी, मधे कम्युनिकेशन स्किल्स. हॉस्पिटल पहिल्यांदा उगवतं ते सातव्या सेमिस्टरला, तेही 'इंडस्ट्रियल व्हिजिट' म्हणून. म्हणजे बस करून जायचं, रेकॉर्ड रूमच्या दारात ग्रुप फोटो काढायचा आणि कॅन्टीनचा वडा खाऊन परत.

वेळ मात्र अगदी बरोबर साधलीय, ते मान्य. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झालं. पेशंटला १४ आकडी आभा क्रमांक, डॉक्टरांची वेगळी नोंदवही, हॉस्पिटलांची वेगळी. रेकॉर्ड इकडून तिकडे जायचं ते 'फायर' या मानकात आणि पेशंटच्या संमतीने. त्याच वर्षीच्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या (डॉक्टर-नर्सेस सोडून आरोग्यातल्या इतर व्यावसायिकांच्या) कायद्यात हेल्थ इन्फर्मॅटिक्सवाल्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. आणि ईएचआरच्या, म्हणजे पेशंटच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या, मानकांचं राष्ट्रीय केंद्र कुठे आहे? इथेच, पुण्यात, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत. स्नोमेड या वैद्यकीय संज्ञांच्या कोशाचा अख्खा संच भारतात फुकट वापरता येतो, कारण २०१४ मध्ये देश त्याचा सभासद झाला. एवढं सगळं घरात असताना पोरांना आठवीच्या पुस्तकासारखं 'संगणकाचे फायदे' शिकवायचे का?

तुमच्यातले बरेच जण याच धंद्यात आहेत. मोकळेपणी लिहा. समितीची बैठक पंधरवड्याने आहे.

— ताई

---

प्रेषक: काका, न्यू जर्सी

ताई, सप्रेम नमस्कार.

मोकळेपणी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. मसुदा मला ठीक वाटला.

दोन हजार सालच्या आसपास पुण्यात गल्लोगल्ली मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे क्लास निघाले होते, आठवतात ना? कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, अमेरिकन डॉक्टरांचे उच्चार ऐकून टायपिंग. बीएस्सी झालेल्या हुशार मुली त्यात गेल्या. पुढे यंत्रच बोललेलं लिहायला लागलं आणि क्लासच्या पाट्या उतरल्या. त्या मुलींकडे दुसरं काही नव्हतं. उद्या ही इन्फर्मॅटिक्सची हवा ओसरली तर पोराला पायथन आणि डेटाबेस तरी येत असावा. हिंजवडीत कुठेही चिकटेल.

दुसरं, आईबाप अॅडमिशनला येतात तेव्हा पहिला प्रश्न पॅकेजचा असतो. रेकॉर्ड रूमचं नाव काढलंत तर समोरच्या टेबलावरच्या डेटा सायन्सच्या फॉर्मकडे वळतील. रागावू नका, पण कॉलेजला जागाही भरायच्या असतात.

मी ऑनलाइन एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, शिकवायला तयार आहे. मानधन नको. चितळ्यांची बाकरवडी चालेल.

— काका

---

प्रेषक: वहिनी, ओहायो

ताई, काका,

काकांचा ट्रान्सक्रिप्शनचा दाखला मला पटला, पण त्यातून मी उलटा अर्थ काढते. त्या मुलींना ऐकलेलं उतरवायला शिकवलं होतं. उतरवलेलं बरोबर आहे का, हे ओळखायला कुणी शिकवलं नाही. ज्यांना ते आपसूक आलं, त्या आज माझ्याबरोबर कोडिंग ऑडिटला आहेत, म्हणजे निदानांना दिलेले ठरावीक कोड तपासायला.

एक उदाहरण देते, म्हणजे मसुद्यात नेमकं काय नाही ते कळेल. ओपीडीच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात, 'आर/ओ डेंगू'. म्हणजे रूल आउट: शंका आहे, तपासून बाजूला काढा. एंट्री करणारा फक्त डेंगू वाचतो आणि डेंगूचा कोड टाकून मोकळा होतो. प्लेटलेट्स नॉर्मल, टेस्ट निगेटिव्ह, पेशंट दोन दिवसांत कामावर, पण रेकॉर्डला डेंगू कायमचा. अशी पन्नास कार्डं साठली की एखाद्या वॉर्डात साथ दिसायला लागते, धूरफवारणीची गाडी निघते. आमच्याकडे ओपीडीला शंकेचं निदान कोड करायचंच नाही, लक्षण कोड करायचं, असा नियम आहे. ताप असेल तर ताप. आता हे पायथनच्या कुठल्या धड्यात येतं? आणि या असल्या डेटावर सातव्या सेमिस्टरचं मशीन लर्निंग चालवलं तर ते साथीचा अंदाज अगदी झोकात सांगेल.

इथलीही गोष्ट ऐका. २००८ मध्ये अमेरिकेत दहातल्या एका हॉस्पिटलातही धड ईएचआर नव्हता. २००९ च्या हायटेक कायद्याने पैसा ओतला आणि २०१५ पर्यंत दहातल्या आठांहून जास्त हॉस्पिटलांत तो आला. माणसं कमी पडणार म्हणून कम्युनिटी कॉलेजांत सहा महिन्यांचे कोर्स निघाले. ते करून आलेले कितीतरी जण मी मुलाखतीत पाहिले. शिकलेले होते, पण हॉस्पिटलं अनुभव मागत होती आणि अनुभव द्यायची सोय कोर्समध्ये नव्हती. तशात ऑक्टोबर २०१५ मध्ये आजारांच्या कोडांची यादी आयसीडी-९ जाऊन १० आली, निदानाचे कोड चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेले. त्या वेळी आम्हाला तारलं ते वॉर्डात काम केलेल्या नर्सेसनी. कोड त्यांनाही नवेच होते, पण फाइल वाचता येत होती.

म्हणून माझं एकच मागणं. हॉस्पिटल दुसऱ्या सेमिस्टरला आणा. भेट म्हणून नको, हजेरी लावून. आठवड्यातले दोन दिवस रेकॉर्ड रूम, टीपीएचा (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचा) डेस्क, लॅब. डिस्चार्ज कार्डावरचं 'केसीओ डीएम, एचटीएन' (आधीपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब) मुलांना वाचता आलं पाहिजे, आणि ते न विचारता तसंच टाइप करायची लाज वाटली पाहिजे.

— वहिनी

---

प्रेषक: डॉक्टर दादा, मुक्काम औंध (मार्चपर्यंत)

वहिनींना शंभर टक्के अनुमोदन. फक्त हॉस्पिटलवर थांबू नका, गावात न्या.

माझं ग्रामीण पोस्टिंग शिरूर तालुक्यात होतं. तिथली एक सून. तिसऱ्या महिन्यात सासरच्या उपकेंद्रात नोंद झाली: लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं, मोबाइल नवऱ्याचा. ओटीभरण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी पारनेरला गेली. तिथल्या आशाताई तिला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे नाव माहेरचं, मोबाइल भावाचा. माता-बाल कार्ड सासरी कपाटात. झालं काय? शिरूरच्या नोंदीत एक गरोदर बाई बाळंतपणाआधीच गायब, आणि पारनेरच्या नोंदीत एक बाई एकही तपासणी न करता थेट बाळंत. दोन्हीकडच्या सिस्टरांना आढावा बैठकीत बोलणी. सव्वा महिन्याने ती बाळ घेऊन सासरी आली आणि लसीकरणाला बाळाची नोंद नव्याने.

बाई ठणठणीत, बाळही. सगळ्या तपासण्या वेळेवर झालेल्या. कागदावर मात्र दोन्ही गावांचा कारभार ढिसाळ.

आता म्हणाल, आभा क्रमांक आला की हे सुटेल. सुटेलही, कुणी कार्ड मागितलं तर. कोविनच्या वेळी एका मोबाइलवर चार जणांची नोंदणी चालायची, ती चालावीच लागली, कारण घरात फोनच एक. आपल्याकडे मोबाइल नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला एवढं कळलं तरी अर्धी पदवी वसूल.

पुण्याच्या जवळच शिकायची जागा आहे. केईएम रिसर्च सेंटरचं वढूचं काम पाहा. २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या गावांमध्ये घरटी जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची सलग नोंद ठेवतात. नोंद सलग ठेवणं किती कष्टाचं असतं, ते वर्गात बसून कळायचं नाही. मुलांना तिथे पाठवता येईल का, त्यांना रीतसर पत्र लिहून विचारा.

— दादा

---

प्रेषक: ताई, कोथरूड

मंडळी,

तुमच्या मेल छापून समितीपुढे ठेवल्या. (नावं काढून ठेवली, वहिनी. डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा पाठ करून बसलेत एक सर.) आर/ओ डेंगूवर खोलीत शांतता झाली. समितीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आमच्याकडे सर्रास होतं हे.

काकांचा मुद्दाही तितक्याच जोरात निघाला, तो कॉलेजच्या ऑफिसकडून. जागा भरल्या पाहिजेत. शेवटी तोड निघाली ती अशी. पायथन राहतं, पण तिसऱ्या सेमिस्टरला जातं. पहिल्या वर्षी शरीररचना, रोगांची ओळख, वैद्यकीय संज्ञा आणि केसपेपर वाचन. दुसऱ्या सेमिस्टरपासून आठवड्याचे दोन दिवस हॉस्पिटल. प्रॅक्टिकलला विकतचं सॉफ्टवेअर न घेता बाह्मनी वापरायचं. ते मुक्त स्रोत आहे, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या रुग्णालयासाठी सुरू झालेलं, म्हणजे आपल्यासारख्याच ओपीडीच्या गर्दीत तयार झालेलं. मशीन लर्निंग चौथ्या वर्षी, ज्याला हवं त्याला. मार्केटिंगवाल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी रोबोट काढून ठेवला होता.

दोन गोष्टी लटकल्यात.

पहिली, पदवीधरांच्या व्यावसायिक नोंदणीची. २०२१ च्या कायद्यात वर्ग आहे, पण म्हणून विज्ञान शाखेची आपली पदवी त्या नोंदणीला आपोआप चालेल असं धरून चालता येणार नाही. इथे पदवी सावित्रीबाई फुले विद्यापीठाची, आणि आरोग्याचे कोर्स नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. मी हटून बसलेय की लेखी उत्तर हातात आल्याशिवाय जाहिरात द्यायची नाही. प्रवेश झाल्यावर मुलांना 'बघू' सांगणं हा निव्वळ अप्रामाणिकपणा होईल. ऑफिसला हे फारसं रुचलेलं नाही.

दुसरी जागांची. कॉलेजला साठ हव्यात. तीन हॉस्पिटलांशी बोलणी चाललीत, आणि तिघांचं म्हणणं एकच: एका वेळी रेकॉर्ड रूममध्ये पाच-सहापेक्षा जास्त मुलं उभी राहू शकत नाहीत. ते खरंच आहे. त्यातल्या एका ठिकाणी मी जाऊन आले. छतापर्यंत लोखंडी रॅक, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, दोन माणसं आणि एक शिडी. मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या, फाइली वेगळ्या कपाटात, त्याची किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. साठ मुलं कुठे उभी करू? पहिली दोन वर्षं तीसच घ्यावीत, असं मी लिहून दिलंय.

काका, पॅकेजचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेचे दावे, टीपीए, लॅबच्या साखळ्या, आरोग्याच्या कंपन्या, सगळीकडे माणसं लागतात. पहिला पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमीच असेल. ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहायचं असं मी सुचवलंय. बघू, किती टिकतं.

आता तुमच्याकडून हवंय ते: वहिनी, केसपेपर वाचनाचा पेपर तुम्ही आखून द्याल का? खरे केसपेपर वापरायचे नाहीत, सगळे रचलेले हवेत, पण चुका खऱ्या हव्यात. दादा, परत जायच्या आधी एकदा कॉलेजात या.

— ताई

---

प्रेषक: काका, न्यू जर्सी

ताई,

पायथन तिसऱ्या सेमिस्टरला ढकललंत, माझा निषेध नोंदवून घ्या.

दादांची पारनेरची बाई मात्र डोक्यातून जाईना. आमच्याकडे नावं जुळवायला अजून साउंडेक्स वापरतात, १९१८ सालचं पेटंट आहे ते. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्यांचे आकडे करायचे. मी काल मराठी आडनावं घालून पाहिली. वाघ कुणी इंग्रजीत 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने, आणि या पद्धतीत ही दोन वेगळी माणसं ठरतात! व्हीवाला वाघ आणि डब्ल्यूवाला वाघ. वाघमारे, वैद्य, वर्तक, सगळ्यांची तीच कथा. झेंडे 'झेड'ने की 'जे'ने, तो निराळाच घोळ. त्यावर मधलं नाव बापाचं की नवऱ्याचं.

म्हणून साधं एसक्यूएल शिकवत नाही आता. पाचशे खोट्या बायका तयार करतो, सासर-माहेर, दोन-दोन मोबाइल, वयं अंदाजे, आणि मुलांना सांगतो, खऱ्या किती ते शोधा. उत्तर मलाही लगेच येणार नाही असा डेटा करतो. वहिनी, वयांच्या चुका कशा असतात ते कळवा. सगळ्यांचा जन्म १ जूनचा धरू का?

— काका

---

प्रेषक: वहिनी, ओहायो

धरा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेले आमच्या घरातच तिघे आहेत. निम्म्यांचा १ जानेवारीही करा, आणि वयं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशीच ठेवा, त्रेचाळीस कुणी सांगत नाही.

ताई, केसपेपरचा आराखडा रविवारपर्यंत पाठवते. अक्षर मात्र तिकडच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, माझं फार सुवाच्य आहे.

— वहिनी