मदत हवी आहे: बाबांचा भूगोल, नवा गुडघा आणि बारा दिवस

नमस्कार मंडळी,

फिरण्याचे धागे इथे ढिगाने आहेत, बरेचसे चाळलेही. पण आमचं दुखणं जरा वेगळं आहे म्हणून नवा काढतेय.

माझे बाबा पुण्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवायचे. आता ७२. मीही त्यांच्याच वर्गात होते, आठवी ब. घळई काढताना ते खडू आडवा धरत. दोन फटकाऱ्यांत दोन कडे, मधे निळी बारीक रेघ, की झाली नदी. लवणस्तंभांना मात्र वेळ द्यायचे. छताकडून एक, जमिनीकडून एक, दोघांची टोकं जेमतेम भिडलेली. पुसायचं डस्टर सोडून तळहाताने, त्यामुळे आईची वर्षानुवर्षं एकच तक्रार, शर्टाच्या बाहीचा निळा रंग निघत नाही.

तर या माणसाने फळ्यावर काढलेल्यातलं प्रत्यक्ष पाहिलंय फक्त एक. निघोजचे रांजणखळगे, तेही शाळेच्या सहलीबरोबर, मुलं कुकडीत पडू नयेत म्हणून शिट्टी फुंकत. बाकी सुट्ट्या पेपर तपासण्यात, इलेक्शन ड्युटीत, जनगणनेत आणि आम्हा दोघी बहिणींच्या लग्नांत गेल्या.

मार्चमध्ये त्यांचा उजवा गुडघा बदलला. आता बरे आहेत, पण वेताळ टेकडी सुटली. परवा जेवताना एकदम म्हणाले, "खाजण प्रत्यक्षात कसं दिसत असेल गं? मी आपला वाळूचा दांडा काढायचो आणि पुढच्या धड्याला लागायचो."

त्या रात्री मला झोप आली नाही.

अटी अशा:
सपाटीवर दीड-दोन किलोमीटर आरामात चालतात, मधे टेकायला मिळालं तर. पायऱ्या कठडा धरून पन्नास-साठ. उतरताना जास्त त्रास होतो, चढताना कमी. मांडी घालून किंवा उकिडवं बसायचं नाही, म्हणजे राहायच्या ठिकाणी कमोड हवाच. आई बरोबर असेल, ती ठणठणीत आहे पण तिला "नुसते दगड" बघायचे नाहीत. विमानाला बाबांची ना नाही, पण रेल्वेत खिडकीशी बसले की ते बोलायला लागतात, म्हणून शक्यतो रेल्वे. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर, जास्तीत जास्त बारा दिवस.

एका टूरवाल्याकडे जाऊन आले. त्याने ज्येष्ठांची खास सहल म्हणून दिवसाला पाच पॉइंट आणि दोन साड्यांची दुकानं काढून दिली. "लवणस्तंभ" म्हटल्यावर त्याने मला मिठागराचा फोटो दाखवला.

बाबांची यादी (मी हळूच काढून घेतली): घळई, लवणस्तंभ, खाजण (वाळूच्या दांड्याआड अडलेलं समुद्राचं पाणी), त्रिभुज प्रदेश, बारखाण (वाळवंटातल्या चंद्रकोरीसारख्या टेकड्या), लाव्हाचे षटकोनी खांब. एवढं सगळं बारा दिवसांत होणार नाही, ते कळतंय. यातलं कुठलं या गुडघ्याला झेपेल आणि कुठलं एका दोरीत ओवता येईल?

रुळावरची:
आधी त्रिभुज प्रदेशावर काट मारा. सुंदरबनात जाऊन आलेय. त्रिकोण नकाशात असतो, तिथे दिसतो तो चिखल आणि चिखलातून वर आलेली मुळं. सुंदर असतं, प्रश्नच नाही, पण भरती-ओहोटीने पाणी खाली-वर होतं आणि ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून होडीत उतरावं लागतं. नव्या गुडघ्याला मी तरी नाही नेणार.

घळई आणि लवणस्तंभ मात्र एकाच फेरीत होतात. पुण्याहून सोलापूर, वाडी, गुंटकलमार्गे चेन्नईला जाणाऱ्या गाड्या आंध्रात ताडपत्रीवरून जातात. तिथे थांबणारीच गाडी बघा. ताडपत्रीहून बेलम गुहा साधारण ३० किमी, गंडीकोटा त्याच्या पुढे. गाडी करून दोन दिवसांत निवांत होतं. आणि काकूंना सांगा, ताडपत्रीत पेन्ना नदीकाठी बुग्गा रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. तेही दगडच, पण कोरलेले.

चहाटळ:
लोणार राहिलं की! आपल्याच राज्यात, तेही उल्केने पाडलेलं. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा त्याचा अभ्यास आपल्या आघारकर संस्थेनेच केला होता, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. काठावर उभं राहून अख्खं विवर दिसतं, खाली उतरायची गरज नाही.

धागाकर्ती:
@चहाटळ, लोणार सुचवून पाहिलं. उत्तर आलं, "तो आमच्या पोर्शनमध्ये नव्हता."

@रुळावरची, फार फार आभार. बेलममध्ये पायऱ्या किती? मी इंटरनेटवर आंध्रातल्याच बोऱ्या गुहांचे फोटो बघून हरखले होते, ते जास्त भव्य वाटतं.

रुळावरची:
बोऱ्या भव्य आहे हे खरं, विशाखापट्टणमहून अरकूच्या गाडीने घाट आणि बोगदे पार करत जाण्यातही मजा आहे. पण आत पायऱ्या भरपूर आणि बऱ्याच ठिकाणी ओल्या. बेलमला सुरुवातीला खाली उतरावं लागतं, पुढचा बराच भाग सपाट आणि रुंद आहे. गुहा एकूण ३ किलोमीटरच्या वर, लोकांना खुला आहे त्यातला निम्मा, आणि तोही सगळा बघायची सक्ती नाही. पाताळगंगेकडे अजून खाली उतरतात, तिथे काकांना पाठवू नका. आत भयंकर दमट होतं. सुती शर्ट, पाण्याची बाटली, आणि चष्म्यावर वाफ धरते म्हणून रुमाल.

एक गोष्ट आधीच सांगते. चुनखडकात पाण्याने केलेली ही करामत आहे, पण लवणस्तंभ फळ्यावरच्यासारखे जोडीजोडीने नीट भिडलेले नसतात. बरेच तुटलेले आहेत. माझ्या मुलाचा विरस झाला होता. काकांचा होणार नाही असं वाटतं.

शिरूर_नाका:
गंडीकोट्याबद्दल दोन शब्द. गाडी किल्ल्याच्या आत गावापर्यंत जाते. तिथून मशिदीच्या बाजूने कड्यापर्यंत चालायचं, ते काही लांब नाही, पण शेवटचा टप्पा मोठमोठ्या लाल धोंड्यांवरून आहे आणि काठाला कठडा नाही. खाली पेन्ना, सुमारे ३०० फूट. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या सपाट धोंड्यावरच बैठक मारली आणि तिथूनही घळई व्यवस्थित दिसली. टोकापर्यंत जायचा हट्ट फक्त आमच्यासारख्या फोटोवाल्यांना. सकाळी लवकर जा, नऊनंतर डिसेंबरातही दगड तापतात. घडीची खुर्ची नेली तर सोन्याहून पिवळं.

गूळपोळी:
षटकोनी खांबांसाठी उडुपीजवळ मालपेहून सेंट मेरी बेटांवर बोट जाते, पावसाळ्यात बंद असते. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात, तेच हे खांब. मादागास्कर आपल्यापासून तुटला त्या काळातले, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे. पण बोटीत चढउतार हेलकाव्यात करायची. या वर्षी राहू द्या.

बारखाणांसाठी जैसलमेर, वेगळी ट्रिप. उंटावर बसवू नका, एवढंच.

खाजण मात्र सोडू नका! चिलिका. पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेस थेट ओडिशात जाते, आणि लोहमार्ग कित्येक किलोमीटर चिलिकाच्या काठाकाठाने आहे. डिसेंबर-जानेवारीत लाखो पक्षी असतात. सातपाड्याला इरावती डॉल्फिन. आणि काकांच्या वाळूच्या दांड्याची खरी गंमत तिथेच आहे. खाजणाचं तोंड गाळाने सरकत, बुजत गेलं होतं, पाण्यातला खारेपणा घटला, मासे कमी झाले, तणाने पाणी भरलं. शेवटी २००० साली दांडा फोडून समुद्राकडे नवं तोंड काढलं आणि मासळी परत आली. हे पुस्तकात होतं का विचारा.

धागाकर्ती:
विचारलं. काही बोलले नाहीत. उठून कपाटातून जुना नकाशासंग्रह काढला आणि भिंग घेऊन ओडिशाचं पान उघडून बसले. अर्ध्या तासाने आतून आवाज, "दांडा फोडला म्हणजे नक्की कुठे फोडला, ते विचार त्यांना."

गूळपोळी:
सातपाड्याहून बोट मुखापर्यंत नेतात, तिथे वाळूवर उतरवतात. एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर, मधे पाचेक मिनिटांची चाल. बोटवाल्याला आधीच सांगा की फळी नीट लाव, घाई नाही. ते लोक म्हाताऱ्यांना अगदी हात धरून उतरवतात. राहायला पुरी सोयीचं, काकूंचा जगन्नाथही होईल.

चहाटळ:
मग दोन्ही एका दमात? गुंटकलहून वर विशाखापट्टणम...

रुळावरची:
नको हो. नकाशात जवळ वाटतं. मधल्या गाड्या बदलण्यात आणि प्लॅटफॉर्मच्या जिन्यांत सगळा गुडघा संपेल. दोन फेऱ्या करा. डिसेंबरात चिलिका-पुरी सात-आठ दिवस, जानेवारीत ताडपत्री चार दिवस. जाताना-येताना ज्येष्ठ नागरिकांचा खालच्या बर्थचा कोटा निवडायला विसरू नका, आणि स्टेशनवर व्हीलचेअर मागायला लाजू नका.

धागाकर्ती:
ठरलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली कोणार्कची तिकिटं काढली, आई-बाबांना खालचे दोन्ही बर्थ मिळाले, मी मधल्यावर. पुरीत तळमजल्यावरची खोली, कमोड, आत जायला एकच पायरी (फोटो मागवून मोजून घेतली).

व्हीलचेअरला बाबा तयार नाहीत. "स्टेशनवर जुना विद्यार्थी भेटला तर काय म्हणेल" हे कारण. पुणे स्टेशनवर कोणी ना कोणी भेटतोच, त्यामुळे मलाही उत्तर सुचलं नाही. यावर कोणाकडे तोडगा असेल तर सांगा.

आणि @गूळपोळी, त्यांचा निरोप आहे. सरोवर म्हटलं नाहीत, खाजण म्हटलंत, म्हणून पैकीच्या पैकी.