मदत हवी आहे: क्यूबेकमध्ये पहिलंच मतदान

मंडळी, कॅनडाचं नागरिकत्व नुकतंच मिळालंय, त्यामुळे ५ ऑक्टोबर २०२६च्या क्यूबेक प्रांताच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत देणार. माझं फ्रेंच यथातथाच. दारात पडलेलं पत्रक फोनचा कॅमेरा धरून वाचतो. कॅक (कोअलिसिआँ आवनिर केबेक), लिबरल, पार्ती केबेक्वा, केबेक सोलिदेर, शिवाय कॉन्झर्व्हेटिव्ह. पाच पक्षांत डोकं गरगरतंय! त्यात २०२२मध्ये पार्ती केबेक्वाला लिबरलांपेक्षा किंचित जास्तच मतं होती, पण जागा फक्त ३; लिबरलांच्या २१. मग पक्ष बघू की मतदारसंघातली लढत? तुम्ही कसं ठरवता? फ्रेंच भाषेचा कायदा आणि क्यूबेकने कॅनडातून वेगळं व्हायचं का याचं सार्वमत यांवर कोण काय म्हणतंय, हे इंग्रजीत कुठे नीट वाचायला मिळेल? आणि हो, मतदार यादीत नाव आपोआप येतं की आपणच घालायचं?