जुनी यंत्रं चालवत राहणं: शहाणपण की हट्ट?

कथील
हे ज्यावर टाइप करतोय तो लॅपटॉप २०१३चा आहे. एका कचेरीने संगणक बदलले, त्या ढिगातून उचललेला. चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. मागचं झाकण उघडलं, रॅम ४ची ८ जीबी केली, फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) बसवली. पंख्याच्या तोंडाशी धुळीची अक्षरशः गादी जमली होती, ती चिमट्याने ओढून काढली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. मग लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आता चहाला उठेपर्यंतही थांबावं लागत नाही.

समोरचा मॉनिटर ‘मेला’ म्हणून कुणीतरी टाकून दिलेला. आत पॉवर सप्लायच्या बोर्डावर दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) डोक्यावर फुगले होते. तेवढ्याच क्षमतेचे दोन आणून डाग दिले (सोल्डर केले), पडदा उजळला.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि रीतसर गोळा होऊन त्याचं पुनर्चक्रण झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. शिवाय फोन-लॅपटॉपचं बहुतेक प्रदूषण ते बनतानाच होऊन गेलेलं असतं, वापरताना त्यामानाने थोडंच. म्हणजे आहे तेच दुप्पट वर्षं चालवणं हा सगळ्यात सरळ उपाय. तरी लोक नवं का घेतात, हे मला खरंच कळत नाही.

साडेसाती
कारण सगळ्यांना डाग देता येत नाही, साहेब.

कपॅसिटर शोधणं, आणणं, मॉनिटर खोलणं यात तुमचे किती रविवार गेले ते लिहिलं नाहीत. तुम्हाला त्यात मजा येते, म्हणून तो वेळ तुम्ही हिशेबात धरत नाही. ज्याला मजा येत नाही त्याच्यासाठी ती बिनपगारी नोकरी आहे.

दुसरं, सुरक्षा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीतच नाहीत. मशीन ठणठणीत असून बाद. हा अन्याय आहे, मान्य. पण म्हणून अपडेट नसलेल्या मशीनवर माणसांनी बँकेचे व्यवहार करायचे का?

कथील
अहो, मग राग मशीनवर कशाला? ती बाद झाली नाही, बाद ठरवली गेली. लिनक्सवर तीच मशीन आज अपडेट घेतेय. आणि रविवार तीन गेले, खरं आहे. दोन मॉनिटरचे, एक हरवलेला स्क्रू शोधण्यात.

फ्यूज_उडाला
मी तुमच्याच पंथातला, पण पोळलेला. जुना पेंटियम ४चा डेस्कटॉप फुकट मिळाला म्हणून फाइली ठेवायला चोवीस तास चालू ठेवला. एक दिवस वॉटमीटर लावला तर काही काम नसताना ८० वॉट! ८० वॉट वर्षभर म्हणजे ७०० युनिट. तेच काम दहा वॉटचं पिटुकलं यंत्र ९०पेक्षा कमी युनिटांत करतं. ‘बनतानाच सगळं प्रदूषण होतं’ हे गणित रोज दोन-चार तास चालणाऱ्या लॅपटॉपचं आहे, कायम चालू राहणाऱ्या खोक्याचं नाही. फ्रिजचं तर नाहीच नाही.

आणि कृपा करून टाकलेला मायक्रोवेव्ह उघडायच्या फंदात कुणी पडू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीव घेण्याइतका भरलेला असू शकतो.

आळशी_मांजर
माझा जुन्याचा अनुभव एवढाच: वापरलेला फोन घेतला, घरी येऊन रीसेट केला, तर तो आधीच्या मालकाचा पासवर्ड मागायला लागला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून नवाच घेते. (घेणाऱ्यांनी समोर रीसेट करायला लावा, आणि स्वागताचा पडदा पार झाल्याशिवाय हलू नका.)

निवांत
कुणी देणाऱ्याच्या बाजूने बोललंच नाही. मला भंगारातून एक हार्ड डिस्क मिळाली, वरवर रिकामी. फाइली परत आणणारा एक फुकट प्रोग्राम चालवला. पहिला फोटो आला तो दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा. पाठोपाठ कुणाचे तरी रक्ताचे रिपोर्ट. मी तिथेच थांबवलं आणि पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली. डिलीट केलं म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, मजकूर तसाच असतो. एसएसडीवर तर वरून लिहूनही खात्री नाही, तिला स्वतःची सिक्युअर इरेजची, म्हणजे सगळं कायमचं पुसायची, आज्ञा द्यावी लागते.

माझ्या कपाटात तीन फोन पडून आहेत ते याच भीतीने. एकाचा पडदाच लागत नाही, पुसू कसा?

साडेसाती
कथील, एक सरळ प्रश्न. पाच वर्षांपूर्वी अपडेट थांबलेला फोन तुमच्या वडिलांना द्याल? बँकेच्या ॲपसकट?

कथील
नाही.

गेल्या वर्षी त्यांना नवाच घेतला, सात वर्षं अपडेट देणार असं जाहीर केलेला बघून. लिनक्सची पळवाट फोनला फारशी नाही, ते कबूल करतो. लॅपटॉपवरून फोनवर उडी मारायला नको होती.

पण त्यांचा जुना टाकलेला नाही हं. सिम नाही, बँक नाही. खिडकीत उभा केलाय, रेडिओ आणि घड्याळ म्हणून झकास चालतो.

फ्यूज_उडाला
कायम चार्जरला लावलेला?

कथील
हो, दीड वर्ष झालं. का?

फ्यूज_उडाला
टेबलावर उताणा ठेवा आणि बोटाने टिचकी मारा. पाठ सपाट असेल तर जरा सरकून थांबेल.

कथील
भोवऱ्यासारखा फिरतोय.

फ्यूज_उडाला
चार्जर काढा. बंद करा. पाठ दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका. अंथरूण-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि उद्या ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ‘बॅटरी फुगलीय’ हे सांगून.

निवांत
आणि आधी तो पुसला होता का?