प्रकल्प हवा, पण मुलांचं काम ट्रेलोवर नको

शापोराकाठ:
बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची १६ आठवड्यांची इंटर्नशिप नुकतीच संपली. आठवीला ‘आमच्या गावची मानस’ हा प्रकल्प दिला होता. (खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, खारं पाणी शिरू नये म्हणून बांधात बसवलेली दारं म्हणजे मानस. भरतीच्या रेट्याने ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात.) सहा गट केले आणि सगळं काम ट्रेलोवर (कामांची कार्डं एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचा ऑनलाइन बोर्ड) मांडलं: ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’.

पाच गटांची कार्डं भराभर पुढे सरकली. सहाव्या गटातल्या एका मुलीचं ‘भरतीची नोंद’ हे कार्ड मात्र आठ दिवस जागचं हललं नाही. मी तिला वर्गात सगळ्यांसमोर विचारलं. तिने दप्तरातून कॅलेंडरचं जुनं पान काढलं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: दार मिटलं, सोमवार ४.१०, मंगळवार ५.००, बुधवार ५.५०. घरात फोन एकच, तो वडील कामावर नेतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे त्या पोरीने बांधावर उभं राहून शोधलं होतं. ‘झालं’मधली निम्मी कार्डं उघडली, तर मजकूर इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवलेला.

असला बोर्ड शिक्षकाने स्वतःच्या नियोजनापुरता ठेवावा. तिला चारचौघांत विचारलं, ते मला अजून टोचतं.

खडूफळा:
पटत नाही. ४० मुलांची कामं डोक्यात राहत नाहीत. मी गूगल शीट ठेवतो आणि ती स्वतः भरतो, मुलांच्या वह्या बघून. तुमच्याकडे वह्या बघायच्या राहिल्या, त्याचा राग ट्रेलोवर का?

निवृत्त बाई:
मी तर म्हणते प्रकल्पच नको. इतकी वर्षं पाहिलं, थर्माकोलचं घर आई करते, मुलाला गुण मिळतात. आणि पोर्शन कोण पुरा करणार? दाबाचा धडा दोन तासिकांत नीट शिकवता येतो.

डिचोलीकर:
बाई, तुम्ही सांगता तो प्रकल्प नव्हेच. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर लिहिलं, त्यात मुलाने मनापासून धरलेला हेतू हाच गाभा आहे. मला वेगळंच खटकतं. आपल्या गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. कार्डं कोणत्या भाषेत होती?

शापोराकाठ:
इंग्रजीत. शीर्षकं मीच घातली होती. मुलं आपापसांत ‘मानस’, ‘बांध’ म्हणायची, कार्डावर ‘स्लूस गेट’. ती चूक माझी.

खडूफळा सर, वह्यांचं मान्य. पण ‘झालं’ हा शब्द समोर दिसला की वही मागायचं सुचतच नाही, हे मी अनुभवलंय. म्हणून पुढे मी मागच्या भिंतीवर कार्डशीट लावलं. नोंद हातात घेऊन आल्याशिवाय कुणी ‘झालं’खाली चिठ्ठी चिकटवायची नाही.

बाई, दाबाच्या धड्याचं सांगते. तिच्या पानावरून वर्गाने गुरुवारचा अंदाज काढला, ६.४०. चार मुलं घरच्यांना घेऊन बांधावर गेली. दार ६.३५ला मिटलं. शुक्रवारी सकाळी प्रार्थनेआधीच मला गाठून विचारत होती, “टीचर, पाच मिनिटं खंय गेली?”