कोल्हापुरात राहून विक्काचे वर्षचक्र घरच्या घरी कसे पाळावे?

पावसाळी वाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी राजारामपुरीत सासूबाई, पती आणि शाळकरी मुलगी यांच्यासह राहते. विक्का या आधुनिक निसर्गपंथाविषयी वाचता वाचता त्याची मनापासून ओढ लागली आणि आता तो मी माझ्यापुरता पाळते. कोणत्याही गटात मी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक छोटा पाट मांडला आहे, त्यावर पणती, पाण्याची वाटी, कुंडीतली मूठभर माती आणि उदबत्तीचे घर एवढेच असते. पौर्णिमेला रात्री तिथे शांत बसते आणि घरातल्यांसाठी भले चिंतते.

अडचण आहे ती आठ सणांची. पुस्तकांत २१ जून हा ऐन उन्हाळ्याचा सण म्हणून दिलेला असतो आणि त्या दिवशी उघड्यावर शेकोटी पेटवून बागेत जेवायला सांगितलेले असते. आपल्याकडे त्याच सुमारास आर्द्राचा पाऊस लागलेला असतो आणि घरात वाळत घातलेले कपडेसुद्धा सुकत नाहीत. १ ऑगस्टला नव्या गव्हाची रोटी करावी म्हणतात, पण तेव्हा इथे भाताची रोप लावण जेमतेम उरकलेली असते आणि गहू पेरायलाच अजून तीन महिने असतात. अशा वेळी तारखा आहेत तशाच पाळाव्यात की आपल्या ऋतूंप्रमाणे बदलाव्यात? दुसरे असे की, मीठ, मोहरी, तमालपत्र यांचे जे घरगुती तोडगे वाचायला मिळतात त्यांतले कोणते करण्याजोगे आहेत? आणि तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. सासूबाईंना हे सारे जादूटोण्यासारखे वाटते, शेजारी काय म्हणतील याची त्यांना काळजी आहे आणि कायद्याची भीतीही आहे. त्यांचे मन न दुखावता हे कसे करावे?

उत्तरायण

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूरकरांना या बाबतीत जे लाभले आहे ते फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे या तारखा पुरातन असल्यामुळे त्यांना हात लावता येत नाही ही समजूत. इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर १९५४ मध्ये विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यातून हा पंथ जगापुढे आला. साविन (३१ ऑक्टोबर), इम्बोल्क (१-२ फेब्रुवारी), बेल्टेन (१ मे) आणि लूनासा (१ ऑगस्ट) हे चार सण आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या गुराखी आणि शेतकरी जीवनातले आहेत. दोन संपात (दिवस-रात्र सारखे असण्याचे दिवस) आणि दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) त्यांना बरोबरीचे सण म्हणून जोडण्याचे काम गार्डनर यांच्या वर्तुळात १९५० च्या दशकाच्या अखेरीस झाले, तर त्यांतल्या जूनमधल्या अयनदिनाला लिथा आणि सप्टेंबरमधल्या संपाताला मेबन ही नावे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एडन केली यांनी रूढ केली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले अनेक विक्कन सगळे चक्र सहा महिन्यांनी फिरवून युल, म्हणजे डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवसाचा सण, जूनमध्ये साजरा करतात आणि त्याला कोणी पाखंड म्हणत नाही. तेव्हा आपल्या मातीप्रमाणे बदल करण्याची मुभा या पंथातच आहे.

मात्र आपला प्रश्न ऑस्ट्रेलियासारखा नाही. आपण उत्तर गोलार्धातच आहोत, त्यामुळे सूर्याचे दिवस तेच राहतात. बदलतो तो ऋतू. म्हणून माझे मत असे की, सूर्याचा हिशेब आणि पिकापाण्याचा हिशेब वेगळे धरावेत. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून जास्त आणि सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो, त्यामुळे तिथे युलला प्रकाश परत येण्याचे केवढे अप्रूप असणार! कोल्हापुरात हाच फरक जेमतेम दोन तासांचा आहे. इथे अंधाराची भीती नसते, वाट पाहायची असते ती पावसाची. त्यामुळे आपल्याकडे चार अयन-संपात साधेपणाने, एका दिव्यावर भागवले तरी चालतील. युलला गुऱ्हाळे जोरात असतात, तेव्हा ताजी काकवी आणि भाकरी असा नैवेद्य करावा, एवढे पुरे.

खरे महत्त्व द्यायचे ते उरलेल्या चार दिवसांना, म्हणजे अयन आणि संपात यांच्या मधोमध येणाऱ्या दिवसांना. आता आपल्या अंबाबाईच्या मंदिराचा विचार करा. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. हा किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा होतो, कारण दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परत येताना एकदा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. इम्बोल्क १-२ फेब्रुवारीला असतो आणि साविनचा सूर्यगणिताने येणारा मध्यबिंदू ७ नोव्हेंबरच्या सुमारास असतो. म्हणजे ज्या दोन दिवसांसाठी युरोपातले लोक पंचांग उघडतात, ते दोन दिवस आपल्या गावात दगडी बांधकामातूनच दाखवले जातात.

एवढ्यावर हे थांबत नाही. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे, म्हणजे शून्य सावलीचे दिवस ६ मे आणि ६ ऑगस्टच्या आसपास येतात. बेल्टेन आणि लूनासा यांचे मध्यबिंदूही त्याच सुमारास असतात. मे महिन्यात दुपारी साडेबाराला गच्चीवर जाऊन स्टीलचा उभट पेला सपाट फरशीवर ठेवा आणि मुलीला शेजारी बसवा. सावली आधी पेल्याच्या एका बाजूला पातळशी चिकटून असते, मग हळूहळू आत ओढली जाते आणि काही क्षण पेल्याभोवती नुसती लखलखीत फरशी दिसते. बेल्टेनची शेकोटी रात्री पेटवतात, पण मे महिन्यातल्या कोल्हापुरात आणखी आग कशाला हवी? त्यापेक्षा त्या घटकेला कुंड्यांना पाणी घाला, पक्ष्यांसाठी परळ भरून ठेवा आणि सर्वांना कैरीचे पन्हे द्या. ऑगस्टमध्ये ढग सूर्य दिसू देणार नाहीत, तेव्हा घरातच मक्याची कोवळी कणसे भाजून पाटावर ठेवावीत. नव्या धान्याचा कृतज्ञतेचा दिवस मात्र भात घरी येतो त्या वेळेला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दिशांबद्दलही एक सांगतो. विक्काच्या मांडणीत पाणी पश्चिमेला ठेवतात. ब्रिटनमध्ये त्या बाजूला अटलांटिक महासागर आहे म्हणून ते सहज पटते, आणि आपल्याकडेही समुद्र पश्चिमेलाच आहे, गगनबावड्याच्या बाजूने चढून येणारे ढगही तिकडूनच येतात. तुमची पाण्याची वाटी निःशंक मनाने पश्चिमेला ठेवा.

जुनी पेठ

सूनबाई, मी शिवाजी पेठेतली, वयाने तुमच्या सासूबाईंच्या जवळची असेन. उत्तरायण यांनी लिहिलेले मन लावून वाचले आणि किरणोत्सवाचे गणित कळून आनंद झाला. तरीही एक सावधगिरीचा शब्द सांगावासा वाटतो. फेब्रुवारीतला सण आयर्लंडमध्ये ब्रिजिड देवीचा मानतात हे खरे, पण म्हणून अंबाबाई म्हणजेच ब्रिजिड असे मुलीला कधी सांगू नका. आपली देवी या गावची आहे, तिचे भक्त आहेत, तिचे कुळाचार आहेत, आणि ती दुसऱ्या कोणाची प्रतिमा नाही. किरणोत्सवाला जायचे तर अंबाबाईची लेक म्हणून ओटी घेऊन जावे आणि घरी आल्यावर आपला दिवा वेगळा लावावा. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात. एकीत दुसरी कालवली तर दोन्हींचा मान कमी होतो.

कायद्याविषयी सासूबाईंना निर्धास्त करा. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे आणि नरेंद्र दाभोलकर यांची त्या वर्षी २० ऑगस्टला हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला होता. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये दिलेली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणे, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, कोणावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे अवघड करणे, असा तो प्रकार आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. ज्यातून कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही असे घरातले धार्मिक विधी त्या कायद्याने वगळलेले आहेत. हा कायदा मला मनापासून हवासा वाटतो, आणि तुम्हीही त्याच्या बाजूनेच उभे राहावे. दुसऱ्या कोणासाठी पैसे घेऊन काही करू नका, आजारपणात डॉक्टरांच्या औषधाऐवजी तोडगा सुचवू नका आणि कोणाचे मन वळवण्यासाठी काही करू नका. कोणाला इजा होऊ नये हे तुमच्या पंथाचेही मुख्य तत्त्व आहे, असे मी वाचले आहे.

राहिला प्रश्न सासूबाईंच्या मनाचा. त्यांना पंथाची माहिती देत बसू नका, त्याने दुरावा वाढेल. नात तापातून उठल्यावर त्या तिची दृष्ट काढतातच ना? मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन पायांपासून डोक्यापर्यंत उतरवतात, ‘आल्यागेल्याची, पापी चांडाळाची’ असे पुटपुटतात आणि ते सगळे निखाऱ्यावर टाकतात. त्या वेळी त्यांच्याजवळ बसा आणि ‘आई, हे मला शिकवा’ असे म्हणा. घरातले जुने जपणारी सून परक्या वाटेने चालली आहे असे मग त्यांना वाटणार नाही. आषाढात त्र्यंबोली देवीला नवे पाणी वाहायला जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या. पंचगंगेचे नवे पाणी, डोक्यावरचे सजवलेले कलश आणि पुढे ‘पी ढबाक’ वाजणारा ताफा, यापेक्षा मोठा पावसाचा सण तुम्हाला कोणत्या पुस्तकात सापडणार आहे?

परसबाग

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण मला झाडापेडांचा नाद आहे. इंग्रजी पुस्तकांत स्वप्ने आणि संरक्षण यांसाठी मगवर्ट नावाची वनस्पती सांगितलेली असते आणि लोक ती महाग किमतीला मागवतात. तिच्याच कुळातला, एकाच प्रजातीसमूहातला दवणा चैत्र यात्रेत जोतिबाला वाहतात आणि त्या दिवसांत तो आपल्याकडे सहज मिळतो. त्याची छोटी जुडी सावलीत वाळवून सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा आणि उशीजवळ ठेवा. इच्छा लिहून जाळण्यासाठी जे पान सांगतात ते भूमध्य सागराकडच्या झाडाचे असते. आपले तमालपत्र दालचिनीच्या जातीचे आहे, पण पान रुंद असल्याने त्यावर लिहायला उलट सोपे जाते. ते हातात धरून जाळू नका, लोखंडी तव्यावर ठेवून खिडकी उघडी ठेवा.

संरक्षणासाठी उंबऱ्यावर मीठ टाकायला सांगतात, ते कुंडीत किंवा तुळशीवृंदावनात जाऊ देऊ नये, झाड मरते. घरात मूल असल्यामुळे कण्हेर आणि धोत्रा पाटाच्या आसपासही नकोत, आणि त्यांचा धूर तर कधीच करू नये, कारण दोन्ही विषारी आहेत. कापूर मुलांच्या हाती लागणार नाही अशा डबीत ठेवा. लिंबू-मिरची उतरवल्यावर रस्त्यावर न टाकता ओल्या कचऱ्यात टाकावी, एवढी शिस्त आपण पाळलीच पाहिजे.

पावसाळी वाट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. पेल्याचा प्रयोग येत्या मे महिन्यात नक्की करणार आहे. एक शंका मात्र उरली आहे. साविनला पितरांचे स्मरण करतात, पण आमच्या घरी भाद्रपदात पितृपक्ष पाळला जातो आणि सासूबाई तो निष्ठेने करतात. मग ऑक्टोबरच्या अखेरीला पुन्हा पितरांचे काही करणे योग्य होईल का?

जुनी पेठ

घराण्याच्या पितरांसाठी पितृपक्षच असू द्या, त्यात दुसरे काही मिसळू नका. साविनचा दिवा त्यांच्यासाठी लावा ज्यांचे नाव आपल्या श्राद्धात कोणी घेत नाही, जसे एखादी लवकर गेलेली मैत्रीण, शाळेतल्या बाई, शेजारच्या आजी किंवा घरातले मांजर. त्यांच्या आवडीचा एखादा पदार्थ करून त्यांच्याविषयी मुलीला दोन गोष्टी सांगा. ३१ ऑक्टोबर दिवाळीत आला तर घरातल्या गडबडीत हे नको, उत्तरायण यांनी सांगितलेला ७ नोव्हेंबर धरा. मग लगेच ९ तारखेपासून किरणोत्सव असतो, तेव्हा सासूबाईंना घेऊन दर्शनाला जा, आणि गर्दी फार होते म्हणून दुपारीच रांगेत उभे राहा.