प्रयोगशाळेची प्रकरणं लांबलेली नाहीत

वरच्या प्रतिक्रियांत दोघातिघांनी म्हटलंय की लेखिकेच्या या पहिल्याच तपासकादंबरीत प्रयोगशाळेची प्रकरणं लांबलीत, तपास तिथे अडकतो. मला उलट वाटलं. सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) आणून वाचली आणि सगळ्यात जास्त गुंतलो ते तिथेच.

नदीत सापडलेला माणूस बुडून मेला की मारून टाकला, हा प्रश्न गोदाकाठच्या आपल्याला परका नाही. लेखिकेने डायटमची चाचणी किती नीट मांडलीय! डायटम म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, कवच सिलिकाचं. बुडणारा जिवंत असेल तर पाणी फुप्फुसात ओढलं जातं आणि हृदय चालू असल्याने ही कवचं रक्तावाटे हाडाच्या मज्जेपर्यंत पोचू शकतात. मांडीच्या हाडातली मज्जा आम्लात विरघळवली तरी ती उरतात. मग घटनास्थळाच्या पाण्याशी ताडून पाहायची. या चाचणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तेही उलटतपासणीत येतं. तो प्रसंग फारच जमलाय.

खटकलं ते वेगळंच. विषबाधेचा संशय असताना व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले मृताचे अंतर्गत अवयव) फॉर्मलिन या जतनाच्या रसायनात ठेवलेला दाखवलाय. तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, कारण फॉर्मलिनमुळे काही विषं शोधणं अवघड होतं. संपादकांनी हे तपासायला हवं होतं. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा तर आपल्या नाशकातच आहे.

शेवट घाईचा, हे मान्य. पण पुढचा भाग आला तर नायक तो इन्स्पेक्टर नको, प्रयोगशाळेतली ती सहायक हवी. तिच्यात अजून खूप गोष्ट शिल्लक आहे.