लोणी निघतच नाहीये, नुसता फेस येतोय. काय चुकतंय?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. दहा-बारा दिवस रोजच्या दुधावरची साय फ्रीजमध्ये साठवली, मग कोमट करून विरजण लावलं, रात्रभर ओट्यावरच ठेवलं आणि सकाळी उठल्या उठल्या मिक्सरला फिरवलं. आधी मस्त घट्ट झालं, वाटलं आता येईल, पण नंतर पंधरा मिनिटं फिरवूनही फेस आणि वर तेलकट चिकट थर, गोळा काही होईना. मागच्या वेळी निघालं होतं तर चौथ्या दिवशी त्याला कुबट वास यायला लागला. एवढी साय फेकायची जिवावर आलंय, कोणीतरी सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
अजिबात फेकू नका!! लोणी त्यातच आहे, फक्त गरम झालंय. सायीतला स्निग्धांश म्हणजे अगदी बारीक बारीक थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण असतं, घुसळलं की ते आवरण फाटतं आणि थेंब एकमेकांना चिकटत जातात, तोच आपला गोळा. पण चिकटायला ते थोडे घट्ट थोडे मऊ असे असावे लागतात. जास्त ऊब असली तर वितळून तेलकट होतात आणि बरंचसं लोणी ताकातच जातं, उलट फार गार असेल तर तासभर घुसळा, काही होत नाही. साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअस बरोबर. तुमचं रात्रभर बाहेर होतं आणि वर मिक्सरची पाती फिरून फिरून आणखी तापवतात. आता पातेलं दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, मग थोडं बर्फाचं पाणी घालून थांबत थांबत फिरवा, सलग नको. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, हलायला जागा लागते. आवाज बदलतो बघा, घट्ट घरघर जाऊन पातळ खळखळ ऐकू आली की लगेच बंद.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर, एकच भर घालते. दहा-बारा दिवस साय नुसत्या फ्रीजमध्ये फार होतात हो, तिला तिथेच कडवट चव यायला लागते आणि ती लोण्यात उतरते. फ्रीझरमध्ये साठवा नाहीतर पहिल्याच दिवशी विरजण घालून रोजची साय त्यात ढवळत जा, मी तसंच करते. आणि दूध होमोजिनाइज्ड आहे का ते पिशवीवर बघा, त्यात थेंब आधीच फोडून बारीक केलेले असतात त्यामुळे साय कमी धरते.

प्रश्नकर्ती:
निघालं!!! दोन तास गार केलं, मग पाचेक मिनिटांत दाणे दाणे दिसायला लागले आणि बघता बघता गोळा. खूप खूप आभार. आता वासाचं सांगा ना, तेवढंच राहिलंय.

प्रतिसाद ३:
वास येतो तो आत अडकलेल्या ताकामुळे, लोणी धुतलं का? बहुतेक जण इथेच घाई करतात आणि माझ्या मते निम्मं काम धुण्याचंच आहे. ताकातली साखर आणि प्रथिनं आत राहिली की जंतूंना खायला मिळतं. बर्फाच्या पाण्यात गोळा घेऊन लाकडी चमच्याने दाबा, पाणी दुधाळ झालं की ओता, परत नवीन घ्या, असं तीन-चार वेळा, पाणी नितळ दिसेपर्यंत. हाताने मळू नका, हाताच्या उबेने वितळतं. शेवटी ताटलीत घेऊन दाबून दाबून पाणी काढा. टिकवायचं असेल तर 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम मीठ, घट्ट झाकणाचा डबा, कारण लोणी आजूबाजूचे वास पटकन ओढून घेतं, आणि उजेडापासून लांब. लगेच संपणार नसेल तर छोटे गोळे करून सरळ फ्रीझरमध्ये.

प्रश्नकर्ती:
धुतलंच नव्हतं मी, फक्त निथळलं होतं! आत्ता धुतलं, चौथ्या पाण्याला नितळ आलं. पण रंग एकदम पांढरा आहे, विकतचं पिवळं असतं ना?

प्रतिसाद १:
म्हशीचं दूध असणार. पिवळा रंग चाऱ्यातल्या कॅरोटीनचा, गाईच्या दुधात तो तसाच उतरतो, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते म्हणून पांढरं. विकतच्यात बऱ्याचदा रंगही घातलेला असतो. तुमचं लोणी एकदम बरोबर आहे, आणि ते ताक टाकू नका हं, पहिलं, धुण्याआधीचं.